पांढरा ठिपका

द्रौपदानं बांगड्या फोडल्या त्या नवरा मेल्यावर नाही. नवरा चांगला धडधाकट असताना, त्याच्याच दारात फोडल्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण राजुरीत अजूनही ही गोष्ट कुणी सरळ सांगत नाही. कुणी म्हणतं विधवा आहे, कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम झालाय. दोन्ही खोटं. तिचा नवरा पोपट भोसरीत टेम्पो चालवायचा. तिथं त्यानं दुसरी बाई ठेवली. द्रौपदा एकटी एसटीनं गेली, त्याच्या खोलीचं दार वाजवलं, बाईनं दार उघडलं, मागून पोपट बनियनवर आला. द्रौपदानं शिवी दिली नाही. दोन्ही मनगटं उंबऱ्यावर आपटली, काचा तिथंच सोडल्या आणि माघारी आली. मनगटावर रक्त आलेलं. कंडक्टरनं विचारलं, "काय झालं बाई?" तर म्हणाली, "झालं ते बरं झालं. एक राजुरी द्या."

माहेरी आईबाप नव्हते. सारजाबाई नावाच्या चुलतीकडं राहिली. सारजाबाईनं घरात घेतली, पण रोज एकदा तरी म्हणायची, "अगं, जित्ता हाय त्यो. असं भुंडं हात घिऊन फिरू नको. माझ्या दारात लोकं पाणी प्यायला थांबंना झाल्यात."

द्रौपदानं बांगड्या भरल्या नाहीत. काम मात्र शोधलं.

नारायणगावातून खोडदला जाताना, शेतांमधून रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेनांचे तवे दिसायला लागायच्या आधी, डाव्या हाताला पत्र्याची एक शेड होती. कुंडलिकशेठची. हा माणूस आधी मोटारींचं वाइंडिंग करायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावोगावच्या डेअऱ्यांत दुधाचं फॅट मोजायची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, तेव्हा त्यानं हेरलं की यंत्राच्या पोटातला बोर्ड इथंच जुळवता येईल. दहा-बारा बायका ठेवल्या. बोर्ड म्हणजे हिरवी पाटी, तळहाताएवढी. तिच्यावर सोल्डरच्या राखाडी पेस्टचे ठिपके उठवायचे, चिमट्यानं राळ्याच्या दाण्याएवढे पार्ट उचलून त्या ठिपक्यांवर बसवायचे, पाटी भट्टीत घालायची. बाहेर आली की भिंगाच्या दिव्याखाली एकेक पाय बघायचा. कुठं सोल्डर कमी, कुठं दोन पायांना मिळून एकच थेंब, कुठं पार्ट थडग्याच्या दगडासारखा उभा राहिलेला. ते सोल्डरिंग गनचं टोक लावून दुरुस्त करायचं. ज्या बाईनं बोर्ड जुळवून तपासला तिनं कोपऱ्यात आपल्या रंगाचा नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. म्हणजे उद्या बोर्ड परत आला तर कुणाच्या हातचा ते कळावं.

शीला त्या बायकांत सगळ्यात जुनी. नारायणगावचीच, तोंडाची फटकळ, हाताची पक्की. तिचा ठिपका लाल. प्राचीचं नुकतंच लग्न झालेलं, तिचा गुलाबी. असे एकेकीनं रंग घेतलेले. द्रौपदा पहिल्या दिवशी आली, तेव्हा शीलानं खोक्यातून एक बाटली काढून तिच्यापुढं ठेवली. पांढरी.

"तुला ह्योच बरा."

"का गं?"

"शोभंल."

बायका हसल्या. द्रौपदानं बाटली उघडली, वास घेतला, म्हणाली, "बरंय. हिरव्या पाटीवर लांबून दिसंल तरी."

बायकांची गाऱ्हाणी घेऊन भांडत फिरते मी, म्हणून हे मला नंतर दोघींनीही सांगितलं. शीलानं हसत सांगितलं, द्रौपदानं न हसता.

पुढं दोन वर्षं ती तिथं टिकली. आणि नुसती टिकली नाही, तिचा जीव त्या कामात गेला. मी तिला भेटायला गेले की भिंगातून मान वर न करता बोलायची. "ताई, हे बघा, ह्या पायाखाली केसाएवढी भेग हाय. गनचा चटका दिला की सोल्डर पाण्यासारखं पळतं, भेग मिटती. मिटलेली दिसती, ताई! माणसाचं असं कुठं दिसतं?" एरवी ती बोलण्यातली नव्हे. शेडच्या कोपऱ्यात खिडकीजवळ दुरुस्तीचं एक टेबल होतं, तिथं परत आलेले बोर्ड यायचे. शेठनं तिला सांगितलं होतं की तुझा हात बसला की ते टेबल तुझं. तिला दुसरं काही नको होतं. ना पोपट, ना पोटगी. पोटगीसाठी मी किती डोकं खाल्लं तिचं! म्हणायची, "त्याचं नको. मला ते खिडकीचं टेबल मिळू द्या, मग मी कुणाच्या दारात नाय."

त्यातल्या दुसऱ्या वर्षी थंडी कोरडी पडली. रात्री स्वेटर काढताना चटचट आवाज यायचा, नायलॉनची साडी पायाला चिकटून बसायची. आणि डेअऱ्यांतून बोर्ड परत यायला लागले. शेडमधून निघताना चांगले चालणारे बोर्ड, गावात गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत मरायचे. दूध घालायला आलेली माणसं यंत्रावर हात आपटायची. मंचरकडच्या एका डेअरीवाल्यानं तर शेठच्या दारात यंत्र आणून टाकलं. "हे न्या राव, आमची फॅट मोजायची जुनी काचंची नळीच बरी व्हती."

शेठकडं नवनाथ म्हणून एक पोरगा होता, आंबेगाव तालुक्यातला, डिप्लोमा केलेला. हुशार होता, खोटं बोलणार नाही. फक्त पाठीचा कणा जरा मऊ. त्यानं परत आलेले सगळे बोर्ड जमिनीवर रंगांप्रमाणे मांडले. लालाची रांग लांब, गुलाबीची लांब, जांभळ्याची लांब. पांढऱ्याचा एकच बोर्ड, आणि तोही कुणीतरी पाडून फोडलेला.

नवनाथनं रांगा दोनदा मोजल्या. मग टेबलांमधून फिरायला लागला आणि एकेकीच्या हाताकडं बघायला लागला. प्रत्येकीच्या डाव्या मनगटाला एक पट्टा असायचा, त्याची वायर टेबलाखालून अर्थिंगला. साडीत, स्वेटरात, अंगात जी वीज साठते ती त्या पट्ट्यातून जमिनीत जावी, चिपमध्ये जाऊ नये, म्हणून. बायका पट्टा रोज बांधायच्या. नेमानं. पण बांगड्यांच्या वरून.

संक्रांत नुकतीच झालेली. कासार येऊन गेलेला. प्रत्येकीच्या मनगटात कोपराच्या दिशेनं चढत गेलेल्या नव्या हिरव्या बांगड्या, घट्ट बसलेल्या. त्या काचेवर पट्टा. कातडीला त्याचा स्पर्शच नाही. पट्टा बांगड्यांच्या वर कोपराकडं सारला तर काम करता करता घसरून परत काचेवरच येऊन बसायचा. मग बांधला काय आणि न बांधला काय! अंगातली वीज चिमट्यातून सरळ चिपमध्ये. चिप तिथंच मरत नाही, आतून अर्धी जळते आणि पुढं डेअरीत जाऊन जीव सोडते.

एकाच बाईचा पट्टा कातडीला लागत होता.

नवनाथनं ते तिथंच, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं सांगितलं. त्याला वाटलं शोध लागला. "द्रौपदाबाईंचा हात बघा. असा पाहिजे हात!"

द्रौपदानं हात पदराखाली घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा घेतला असेल.

शेठला मात्र वाट सापडली. त्यानं दुसऱ्या दिवशी गेटवर स्टीलचं पातेलं ठेवलं. म्हणाला, "आत येताना बांगड्या काढून ह्यात ठेवायच्या, जाताना घालायच्या. आणि दुरुस्तीचं टेबल आजपासून द्रौपदाचं. रिटर्न आलेलं सगळं तीच बघंल."

आता हा माणूस लग्न झालेला, दोन पोरींचा बाप. त्याला एवढं कळू नये? काचेच्या घट्ट बांगड्या काढता येत नाहीत. फोडाव्या लागतात. आणि फोडल्या असं बाई तोंडानं म्हणतसुद्धा नाही, वाढवल्या म्हणते. नवरा जिवंत असलेल्या बाईला गेटवर पातेलं दाखवायचं! शीलानं पातेल्याला लाथ घातली. ते गडगडत रस्त्यापर्यंत गेलं. सगळ्या बाहेर आल्या आणि तिथून तडक माझ्या घरी.

"प्रज्ञाताई, आज आमच्यासाठी उभं ऱ्हावा. त्या शेठनं आमाला जितेपणी रांडव करायला काढलंय."

मी उभी राहणारच होते. मी काही कॉलेजात शिकून कार्यकर्ती झाले नाही. दहावी नापास. कायदा शिकले तो तहसीलच्या व्हरांड्यात बसून, आणि भांडायला शिकले पाण्याच्या रांगेत. बांगड्यांचं मला कौतुक नाही. पण मला हेही ठाऊक आहे की माझ्या आईनं छप्पन्न साली धम्म घेताना देव गाठोड्यात बांधून मीना नदीत सोडले, पण हातातली काच नाही सोडली. जे आईला जमलं नाही ते शेठच्या हुकमानं शीलानं का करावं? हुकमानं काढलेली बांगडी आणि हुकमानं भरलेली बांगडी, दोन्ही मला सारख्याच.

गेले. शेठ खुर्चीत बसलेला. मी बसले नाही.

"पातेलं कुठंय शेठ?"

"अहो ताई, शास्त्रीय कारण हाय त्याला. नवनाथ, सांग रं ताईंना."

"शास्त्र मला नको. तुमच्या मंडळी घरी हळदीकुंकू करतात संक्रांतीला, त्यांना बोलवा. त्यांनी आधी त्यांच्या काचा पातेल्यात टाकाव्यात. मग बाकीच्यांचं बघू."

शेठचं तोंड पडलं. मागं बायका हसल्या. प्राची तर मोठ्यानं हसली. मी आणखी दोन-चार ठेवून दिल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मग मी नवनाथकडं वळले. "तू रे शिकलेला. दुसरा काही इलाज नाही?"

तो हळूच म्हणाला, "आहे. पायात बांधायचा पट्टा मिळतो पुण्याला. घोट्याला बांधायचा. पैंजण चांदीचे असतात, त्यांचं काही अडत नाही."

"मग काल का नाही बोललास?"

"शेठनी विचारलं नाही."

झालं. पायातले पट्टे मागवायचे ठरलं. बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही. बायका खूश. शीलानं माझ्या हाताला धरलं. मला वाटलं निघावं आता. द्रौपदा खिडकीच्या टेबलाशी उभी होती, गन हातात, तापलेली. तिच्याकडं बघून मी मान हलवली. तीही हसली जराशी.

तेवढ्यात शीला म्हणाली, "आजून एक हाय, शेठ."

"काय?"

"द्रौपदा आमच्यात नको."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. मी म्हणाले, "काय बोललीस?"

"ताई, तुमी मधी पडू नका. तिच्या हातापायी आमच्यावर ही येळ आली. रोज समोर त्यो भुंडा हात. नवनाथनं त्योच दाखवला आमाला, म्हणं असा पायजे. असा पायजे? आमाला?"

"अगं तिनं दाखवला का? नवनाथनं दाखवला!"

"दाखवायला हाय म्हणून दाखवला."

प्राची मान खाली घालून म्हणाली, "ताई, खरं सांगू का? लग्न झाल्यापासून माझं मन खातं. ती बोर्ड हातात देती तवा बोटं लागतात तिची."

द्रौपदा टेबलाशीच होती. तिनं गन खाली ठेवली. "प्राचे, तुझा नवरा माझ्या मनगटानं मरतो व्हय गं? माझा तर माझ्या बांगड्यांनी बी नाय सुधारला."

प्राची शीलाच्या मागं सरकली.

शेठ आता सावरून बसला होता. त्याला द्रौपदाची किंमत माहीत होती. दुरुस्तीला तिच्यासारखा हात त्याच्याकडं दुसरा नव्हता. पण दहा हात एका बाजूला नि एक हात एका बाजूला. त्यानं माझ्याकडं बघितलं, गोड आवाजात म्हणाला, "बघा ताई. मी नाय बोललो. तुमच्याच बायका बोलत्यात." मग द्रौपदाकडं वळून, "हे बघ, आता पट्टा पायात येणार. हात मोकळा ठेवायचं कारणच ऱ्हायलं नाय. पाच-पाच बांगड्या भर. नवरा हाय ना तुझा? मग? टेबल तुझंच. आज भर, उद्यापासून बस."

हेच ते. पायातला पट्टा मी भांडून मिळवला, आणि त्याच पट्ट्यानं तिचा हात उघडा पाडला. कालपर्यंत तिचं मोकळं मनगट कामाचं होतं. आजपासून ते नुसतं मोकळं मनगट.

मी बायकांवर तुटून पडले. काय काय बोलले! तुम्हाला हुकूम नको आणि तिला हुकूम? तुमची काच तुमची मर्जी, आणि तिचं मनगट तुमची मर्जी? शीलानं पदर खोचला. मग म्हणाली, आणि ते वाक्य अजून माझ्या छातीत आहे, "ताई, तुमाला बोलावलं आमी. तिनं नाय बोलावलं."

खरं होतं. द्रौपदानं मला कधीच बोलावलं नव्हतं.

सारजाबाईला कुणीतरी निरोप धाडला असावा, कारण ती तासाभरात कासाराला बरोबर घेऊनच हजर. एसटीतून उतरून पळत आलेली, धाप लागलेली. "भर गं बाये. हात जोडते. पाच. पाचच. कामाचं काम ऱ्हाईल आन् दारात लोकं पाणी पितील." कासारानं गेटजवळ चादर टाकून पेटी उघडली. हिरव्या, लाल, सोनेरी कडांच्या. उन्हात चमकत होत्या.

द्रौपदा आली. कासारासमोर उकिडवी बसली. मला वाटलं, भरणार. भरली असती तरी मी तिला नाव ठेवलं नसतं. तिनं एक बांगडी उचलली, डोळ्याजवळ नेली, उजेडात फिरवली. भिंगातून बोर्ड बघावा तशी. मग म्हणाली, "मामा, हिला जोडाशी भेग हाय. ही कुणाला भरू नका, हातात फुटंल." आणि परत पेटीत ठेवली.

उठली. आत गेली, खिडकीच्या टेबलावर अर्धवट राहिलेला बोर्ड होता तो पुरा केला. कोपऱ्यात पांढरा ठिपका दिला. फुंकर मारून वाळवला. मनगटावरचा पट्टा काढून खिळ्याला अडकवला. बाहेर येताना शीलाच्या टेबलापाशी थांबून म्हणाली, "पांढरी बाटली ठिवलीय. कुणाला शोभंल तिला दे."

पुढची दोन वर्षं ती टोमॅटोच्या बाजारात होती. नारायणगावात हंगामात क्रेटच्या क्रेट येतात, बायका रांगेत बसून माल निवडतात. डागी बाजूला, चिरलेला बाजूला. केसाएवढी भेग बघणारे डोळे टोमॅटोवर. तिथं हातात बांगड्या आहेत का कुणी बघत नाही, तिथं सगळ्यांचेच हात कोपरापर्यंत लाल. मी भेटले की बोलायची, पण मान वर करून. ते मला जास्त लागायचं.

शेडचं चाललं होतं. पायातले पट्टे आले, बोर्ड मरायचे कमी झाले. आठ मार्चला शेठनं महिला कामगारांचा सत्कार ठेवला, मलाही बोलावलं. मी कार्ड फाडून पोस्टमनच्या हातात दिलं, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण दुरुस्ती शेडला जमेना. डेअऱ्यांतून जुने बोर्ड येतच होते, नवीन चिपा आणखी बारीक, पाय आणखी जवळ. खिडकीच्या टेबलावर शीलानं बसून बघितलं, चिपेचे पाय जाळले. दुसरीनं बघितलं, पाटीवरची तांब्याची रेघच उचकटली.

मग एके दिवशी नवनाथ मोटरसायकलवर राजुरीला गेला. पिशवीत बोर्ड. घराच्या मागच्या बाजूनं गेला, पुढून नाही. द्रौपदानं त्याला दारातच उभं केलं.

"शेठनी पाठवलंय. घरी करून द्याल का? नगावर. फक्त शेडमध्ये कुणाला सांगायचं नाही. आणि..." त्यानं पिशवीतून एक बाटली काढली. लाल. "ठिपका हा द्यायचा. म्हणजे तिकडं बोलणं नको."

तिनं बाटली घेतली नाही. बोर्ड घेतले. म्हणाली, "भिंगाचा दिवा पाठवा, गन पाठवा. आन् माझा पट्टा. हाताचा. खिळ्याला हाय अजून, का फेकला?"

"आहे."

"आन् ठिपका मी देणार नाय. ज्याला द्यायचा त्यानं द्यावा."

मला हे कळायला वर्ष गेलं. कळलं तशी मी राजुरीला गेले, तणतणत. म्हटलं, आज शेठची वाजवतेच. सारजाबाईच्या घराच्या मागं पडवीत, छोट्या खिडकीशी द्रौपदा बसलेली. दिवा, भिंग, गन. तिच्या मनगटातून वायर निघून खिडकीतून बाहेर, परसातल्या हातपंपाच्या पाइपाला गुंडाळलेली. तीच तिची अर्थिंग. तिच्या टेबलावर दुरुस्त झालेल्या बोर्डांची रांग होती. कोपरे कोरे.

"अगं, तू करतेस आणि ठिपका शीलाचा लागतो?"

"लागू द्या."

"तुझ्या कामावर तिचं नाव! तुला राग नाही येत?"

"येतो ना." भिंगातून मान वर नाही. "पर ताई, तुमी आता तिकडं जाऊन भांडाल, शेठ पिशवी बंद करंल. भांडू नका. मला बोर्ड लागत्यात."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी भांडू नको म्हणालं आणि मी ऐकलं. ऐकलं म्हणजे गिळलं.

शेजारणी हंडे घेऊन पंपावर आल्या. एकीनं वायरीला बोट लावलं नि खिदळली. "काय गं द्रौपदे, दावं लावून घेतलंस व्हय सोताला?"

आत द्रौपदानं डावा हात थोडा पुढं घेतला. वायर सैल पडली, आणि हंडा भरणाऱ्या बाईला पंपाचा दांडा मारायला जागा झाली.

सारजाबाईच्या दारात आता लोक पाणी पितात. द्रौपदा मागच्या बाजूला बसते म्हणून.